घरात उंदीर शिरलाय. घाबरायचं किती आणि करायचं काय?

अवनी२७
नमस्कार मंडळी. नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ पहिल्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. शेजारचा प्लॉट रिकामा, पावसात तिथे कमरेएवढं गवत माजलंय. हल्ली किचन ट्रॉलीच्या खालच्या खणात लेंड्या दिसतायत. आधी बटाटे कुरतडले, मग बिस्किटाचा पुडा, मग लेकीच्या दुपट्यांची चळत. तोवर मी नुसती वैतागले होते. काल शेगडीमागे पुसायला हात घातला तर गॅसच्या नळीवर दातांच्या खुणा! तेव्हापासून पोटात गोळा आलाय.

घरात दोन मतं आहेत. नवरा म्हणतो, एवढासा उंदीर, आला तसा जाईल. सासूबाई निफाडच्या, सगळं आयुष्य शेतात गेलेलं, त्यांना उंदराचं भय नाही. पण गणपती तोंडावर आलेत, घरात उंदीर मारायचा नाही असं त्यांनी बजावलंय. लेक दीड वर्षाची, जमिनीवर सापडेल ते तोंडात घालते, त्यामुळे औषध ठेवायला माझाही हात धजत नाही.

दोन गोष्टी विचारायच्यात. उंदीर घरात असण्याचा खरा धोका किती, की मी उगाच बाऊ करतेय? आणि रांगतं-चालतं मूल असलेल्या घरात कुठला उपाय चालतो? पुदिना, कापूर, लवंगा सगळं करून झालंय. कापराच्या वडीला खेटूनच लेंड्या होत्या.

कडूकारलं
बाप्पा यायचेत, वाहन आधीच पार्किंगला लागलं.

रातराणी
वाचतेय. सिडकोत आमच्याकडेही हेच चालू आहे. कापराबद्दल +१.

अर्थिंग
अवनीताई, बाकीचे प्रतिसाद नंतर वाचा, आधी नळी बदला. आजच. तोवर रेग्युलेटर बंद ठेवा, रात्री तर नक्कीच.

जुनी हिरवी रबरी नळी असेल तर ती उंदराने एका रात्रीत आरपार केलेली मी पाहिली आहे. आत स्टीलची जाळी असलेली नारंगी नळी घ्या, आयएसआयचा शिक्का बघून. तीसुद्धा पाच वर्षांनी बदलायची असते, नळीवर तारीख छापलेली असते. आपल्याकडचा सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड. गळती झाली की तो वर जात नाही, ओट्याखाली आणि फरशीलगत साचतो. नेमका तिथेच फ्रिजचा प्लग असतो. वास आला तर दिवा लावायचा नाही, लागलेला असेल तर बंदही करायचा नाही, पंखा तर मुळीच नाही. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, माणसं बाहेर, आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन. हा गॅसगळतीचा देशभरचा नंबर आहे.

आता वायरिंग. मी सातपूर-अंबड भागात ही कामं करतो. उंदराला वायर खायची नसते. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, ते झिजवायला तो कडक काहीतरी चावत बसतो. वरचं प्लास्टिक गेलं की आतली तांब्याची तार उघडी. ती ओल्या भिंतीला किंवा ट्रॉलीच्या स्टीलला टेकली तर शॉक, दोन तारा एकमेकींना लागल्या तर ठिणगी. आणि बिळातला कागद-चिंध्यांचा ढीग तिथेच तयार असतो. लोक म्हणतात, "एमसीबी आहे ना!" एमसीबी जास्त लोड आणि शॉर्टसाठी असतो. करंट अंगातून जमिनीत जातोय हे त्याला कळत नाही. त्यासाठी तीस मिलीअँपिअरचा आरसीसीबी लागतो. तुमच्या बोर्डवर टेस्टचं छोटं बटण असलेला स्विच आहे का बघा. नसेल तर बसवून घ्या, उंदीर नसले तरी.

तांबटआळी
अर्थिंग, नळीचं पटलं. पण एकूण सूर जरा जास्तच घाबरवणारा होतोय असं नाही वाटत? माझं बालपण जुन्या नाशकातल्या वाड्यात गेलं. मातीच्या दोन-दोन हात जाड भिंती, वर सागाच्या तुळया, माळ्यावर अडगळ. रात्री दिवा मालवला की माळ्यावर उंदरांच्या शर्यती सुरू. आजी काठीने छताला ठोकायची, दोन मिनिटं शांतता, की पुन्हा चालू. लहान मुलांना सांगायचं तर "उंदीरमामा". पडलेला दात त्याच्याच बिळात टाकायचा! आम्ही सगळे जिवंत आहोत. आताच्या फ्लॅटवाल्यांना पाल दिसली तरी पेस्ट कंट्रोल लागतं.

घुशींचा मात्र त्रास होता. पुराच्या वेळी सरस्वती नाला फुगला की सराफ बाजारात पाणी, आणि पाण्याच्या पुढे घुशी. २०१६ च्या पुरात गोदापात्रातला दुतोंड्या मारुती बुडाला त्या दिवशी आमच्या जिन्यावर ओळीने बसल्या होत्या. माणसांना भ्यायची ताकदही उरली नव्हती त्यांच्यात. भिंतीच्या पायातली माती उकरून काढायच्या त्या. एका खोलीची शहाबादी फरशी मधोमध खचली होती, खाली नुसती पोकळी.

कडूकारलं
> आम्ही सगळे जिवंत आहोत

जे नाहीत ते इथे प्रतिसाद द्यायला कसे येणार काका?

तांबटआळी
:) मान्य. मुद्दा आला लक्षात.

स्टेथो
नाशिकरोडला प्रॅक्टिस करतो. कडूकारलं यांनी एका ओळीत जे सांगितलं तेच जरा लांबवतो.

पावसाळ्यात उंदरामुळे सगळ्यात आधी डोळ्यांपुढे येणारा आजार म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. उंदीर स्वतः आजारी दिसत नाही, पण त्याच्या लघवीतून हे जंतू पडत राहतात. कोरड्या फरशीवर ते लवकर मरतात, ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात आठवडेच्या आठवडे टिकतात. पायाला चीर असेल, बोटांत चिखल्या असतील तर तिथून आत शिरतात. २००५ च्या जुलैतल्या महापुरानंतर मुंबईत याची मोठी साथ आली होती. लागण झाल्यावर दोन ते तीस दिवसांत कधीही ताप येतो, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत. जोराचा ताप, पोटऱ्या दाबल्या तरी ओरडावं इतक्या दुखतात, डोळे लाल. इथवर डेंग्यूसारखंच वाटतं आणि तिथेच फसगत होते. पुढे काहींना कावीळ होते, लघवी कमी होते, किडनी आणि फुप्फुसावर येतं. लवकर पकडलं तर उपचार साध्या, स्वस्त अँटिबायोटिकचे आहेत. म्हणून पावसाळ्यात तापाचा पेशंट असाल तर "घरात उंदीर आहेत", "पुराच्या पाण्यातून चाललो होतो" हे डॉक्टरांनी न विचारता सांगा. लोक डासांचं सांगतात, उंदरांचं सांगायला लाजतात.

दुसरं, चावा. तान्ह्या मुलांना रात्री उंदीर चावतो तो बहुतेक तोंडाला किंवा बोटांना, दुधाचा वास लागलेला असतो म्हणून. झोपवताना तोंड-हात पुसून घ्या, बाटली अंथरुणात ठेवू नका. दुसरे असतात जुने मधुमेही. पायाची संवेदना गेलेली असते, रात्री अंगठा कुरतडला तरी जाग येत नाही, सकाळी चादरीवर रक्त दिसतं. घरात असे आजी-आजोबा असतील तर त्यांचे पाय रोज बघा.

चावल्यावर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं. हळद, चुना, तंबाखू काही नको. धनुर्वाताचं इंजेक्शन झालेलं आहे का ते बघावं लागतं. रेबीज उंदराकडून होणं अतिशय दुर्मीळ आहे, पण तो निर्णय डॉक्टरांना घेऊ द्या. पुढच्या काही दिवसांत ताप, सांधेदुखी, अंगावर पुरळ आलं तर परत जायचं. उंदीर चावल्याने येणारा वेगळा ताप असतो आणि त्यालाही औषध आहे.

रातराणी
डॉक्टर, चिचुंद्रीचं काय? ती विषारी असते म्हणतात. आमच्या मोरीत येते.

स्टेथो
चिचुंद्री उंदीर नाहीच. लांब नाकाची, कीटक खाणारी, झुरळं फस्त करते. चावली तर जखमेची काळजी तीच घ्यायची. वास सोडला तर ती उपद्रवी कमी.

तांबटआळी
वास सोडला तर!! तुम्ही कधी चिचुंद्री फिरलेल्या माठातलं पाणी प्यायलाय का डॉक्टर?

गोदाकाठ
एवढी चर्चा कशाला? काळी पावडर आणायची, कणकेत मळून चार गोळ्या कोपऱ्यात टाकायच्या. विषय संपला. मूल असेल तर ओट्यावर ठेवा.

स्टेथो
गोदाकाठ, कृपया असा सल्ला देऊ नका. ती काळी पावडर म्हणजे झिंक फॉस्फाइड. पोटातल्या आम्लाशी गाठ पडली की फॉस्फिन वायू तयार होतो. त्यावर उतारा नाही. कणकेची गोळी दीड वर्षाच्या मुलाला लाडूच वाटणार.

बाजारात मिळणारी दुसरी चीज म्हणजे पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट, टूथपेस्टसारखी ट्यूब. टोमॅटोला किंवा पावाला लावून ठेवतात. याने सगळ्यात जास्त फसवणूक होते. मूल चाटतं, थोड्या उलट्या होतात, मग एक-दोन दिवस अगदी बरं वाटतं. आईवडील घरी घेऊन जातात. त्यानंतर लिव्हर निकामी व्हायला लागतं. यावरही उतारा नाही.

आणि धान्यात ठेवायच्या गोळ्या, ॲल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतल्या दमटपणानेसुद्धा त्यातून तोच फॉस्फिन वायू सुटतो. माणसं झोपतात त्या खोलीत गव्हाच्या कोठीत या गोळ्या ठेवून घरंच्या घरं दगावल्याच्या बातम्या आपण वाचलेल्या आहेत. या गोळ्या घरी वापरायला परवानगीच नाही, प्रशिक्षित माणसांसाठीच आहेत. तरी पुडीत बांधून मिळतात.

मुलाने काहीही खाल्ल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवायला मीठपाणी पाजू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट मोठं हॉस्पिटल गाठा, आणि औषधाचं पाकीट सोबत न्या. कुठलं विष ते कळलं तर अर्धा वेळ वाचतो.

गोदाकाठ
डॉक्टर, आमच्या गल्लीत तीस वर्षं हेच वापरतात. केक वापरा मग, निळ्या रंगाचा. तो सेफ आहे ना?

जाळीवाला
मध्ये बोलतो. काही वर्षं पेस्ट कंट्रोलमध्ये होतो, आता फक्त जाळ्या बसवतो. नावावरून कळलंच असेल.

केक म्हणजे ब्रोमॅडिओलोन. त्याने रक्त गोठायचं थांबतं. उंदीर लगेच मरत नाही, तीन-चार दिवस किंवा जास्त लागतात. त्यामुळे त्याच्या भावंडांना संशय येत नाही, ते पण खातात. माणसाने खाल्लं तर व्हिटॅमिन के हा उतारा आहे, म्हणून पावडरपेक्षा बरा म्हणतात. पण बरा म्हणजे खुला टाकायचा असं नव्हे. कुलूप लागणाऱ्या डबीतच ठेवतात, तेही घराबाहेर, चेंबरपाशी, कंपाउंडला. घरात ठेवला तर उंदीर ट्रॉलीमागे नाहीतर फॉल्स सीलिंगवर जाऊन मरतो, मग आठ दिवस घरात बसवत नाही. तो मेलेला उंदीर मांजराने किंवा घुबडाने खाल्ला तर त्यांनाही बाधतो.

अवनीताई, तुम्ही औषध ठेवत नाहीये ते बरोबरच करताय. तुमच्याकडचा प्रश्न वेगळा आहे. तो येतो कुठून? पहिल्या मजल्यावर घूस सहसा येत नाही, ती जमिनीतून, गटारातून येते. तुमच्याकडे चढणारा उंदीर आहे. शेपूट अंगापेक्षा लांब, पाइप आणि केबल धरून सरळ वर. जिऱ्याएवढ्या बारीक लेंड्या असतील तर ते छोटे उंदीर, त्यांना सहा मिलिमीटरची फट पुरते. पेन्सिल शिरली तर तोही शिरतो. मोठ्याला साधारण दोन सेंटिमीटर.

ट्रॉली पूर्ण बाहेर काढा. हो, पूर्ण. सिंकचा पाइप भिंतीतून जिथे डक्टमध्ये जातो तिथे बघा. प्लंबर चार इंचाचं भोक पाडतो, दोन इंचाचा पाइप घालतो आणि पुढच्या साइटवर जातो. ट्रॉलीवाला त्यावर फळी मारतो. कोणालाच दिसत नाही. गॅस गीझरची खिडकी, एसीचं भोक, वॉशिंग मशीनचा पाइप, मोरीची जाळी, ही पुढची ठिकाणं. भिंतीवर तेलकट काळसर पट्टा दिसतो, तो त्याचा रोजचा रस्ता.

फट बुजवायला सिमेंटमध्ये काचेचा चुरा. नाहीतर स्टीलची घासणी कोंबून वर सिमेंट. तो फवाऱ्याचा फोम वापरू नका, उंदीर हसत हसत पोखरतो. मोठ्या जागेला सहा मिलिमीटरची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाची) जाळी.

रातराणी
ते प्लगला लावायचं आवाजाचं यंत्र घेऊ का? ऑनलाइन साडेचार स्टार आहेत.

जाळीवाला
घेऊ नका. दोन दिवस बिचकतात, मग सवय होते. आणि तो आवाज ट्रॉलीच्या फळीपलीकडे जात नाही.

द्राक्षबाग
राम राम. पिंपळगावकडून. शहरातल्या लोकांची मजा वाटते भो. तुम्ही एका उंदरावर धागा काढलाय, आम्ही बांधावर बिळं मोजतो. काळ्या घुशीचं बीळ खणलं तर आत गव्हाच्या ओंब्यांचा साठा निघतो. खाते त्यापेक्षा साठवते जास्त. कांद्याच्या चाळीत कुरतडलेला एक कांदा सडला की शेजारचे सगळे घेऊन जातो.

डॉक्टरसाहेबांचं घराबाबत शंभर टक्के खरं. शेतात मात्र झिंक फॉस्फाइडशिवाय अजून भागत नाही, तेही पद्धतीने. पहिले दोन-तीन दिवस नुसता भरडा तेल लावून बिळात टाकायचा, विष नाही. सवय लागली की मग विषाचा. थेट विष टाकलं तर एक खातो, तडफडतो, बाकीचे त्या खाण्याला परत तोंड लावत नाहीत. आणि एकट्याने करून उपयोग नाही, सगळ्या शिवाराने एका वेळी करायचं. नाहीतर शेजाऱ्याचे माझ्याकडे, माझे शेजाऱ्याकडे.

आम्ही बागेत घुबडांसाठी टी आकाराचे खांब रोवलेत. रात्री येऊन बसतात. गव्हाणी घुबडाचं एक जोडपं पिल्लं असताना रात्रीत बरेच उंदीर नेतं. पण लोक घुबड दिसलं की दगड मारतात, अपशकुन म्हणून.

अजून एक राहिलं. उंदरामागे साप येतो. धामण आली तर येऊ द्या, ती बिनविषारी, उंदीरच खाते. पण रिकाम्या प्लॉटचं गवत म्हटलं तुम्ही म्हणून सांगतो, घोणस आणि नागही त्याच वासावर येतात. ते गवत काढून घ्या पहिलं. गवतात हात घालताना काठी आधी.

कडूकारलं
उंदीर, त्यामागे साप, त्यामागे सर्पमित्र, त्यामागे मोबाईलवर शूटिंग करणारी अख्खी कॉलनी. निसर्गसाखळी पूर्ण.

मखमली
सगळे एवढं लिहितायत, मांजर पाळा ना! आमच्या मखमलाबादच्या घरी दोन बोके आहेत, उंदीर औषधाला सापडत नाही.

तांबटआळी
वाड्यात चार मांजरी होत्या. दूध पिऊन चुलीपाशी झोपायच्या. घूस समोरून गेली की एक डोळा उघडायचा, आकार बघायचा, पुन्हा मिटायचा.

मखमली
तुमच्या मांजरी लाडावलेल्या होत्या काका.

जाळीवाला
मांजर छोटे उंदीर आणि पिल्लं मारतं, ते खरं. मोठ्या घुशीच्या वाटेला बहुतेक मांजरं जात नाहीत. आणि मांजरासाठी बाहेर ठेवलेली वाटी रात्री कोण चाटतं तेही बघा. सोसायटीत कुत्र्यांना पोळ्या, कबुतरांना दाणे टाकतात, खाली उंदरांची पंगत बसते. घंटागाडी सकाळी येते, पण ओला कचरा रात्रीच दाराबाहेर. तो डबा झाकणाचा हवा.

गोदाकाठ
बरं, विष नको, मांजर नको. चिकट पुठ्ठा? त्यात विष नाही, मुलालाही काही होत नाही.

रातराणी
गोदाकाठ, नको हो. आम्ही एकदा लावला होता. रात्रभर किंचाळत होता. सकाळी तो जिवंत, कातडी पुठ्ठ्याला. माझ्या मुलाने पाहिलं आणि दोन दिवस जेवला नाही. तो पुठ्ठा उचलून टाकायलाही कोणी पुढे येईना.

स्टेथो
शिवाय घाबरलेला उंदीर चिकटल्या जागी लघवी-विष्ठा करतो आणि उचलणाऱ्याला चावतो. भारतीय पशुकल्याण मंडळाने हे पुठ्ठे वापरू नयेत म्हणून राज्यांना पत्रं पाठवलेली आहेत. मारायचाच तर झटक्यात मारणारा चाप त्यापेक्षा बरा, पण तोही मुलाच्या बोटांच्या आवाक्यात नको.

जुनाजाणता
प्लेगचं नाव अजून कोणी काढलं नाही याचं आश्चर्य वाटलं. तरुण मंडळी आहेत.

१९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग निघाला आणि सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाचा. सुरत आपल्याला सापुताऱ्याच्या घाटाने किती जवळ! तिकडून माणसांचे लोंढेच्या लोंढे निघाले होते. एसटी स्टँडवर लोक तोंडाला रुमाल बांधून उभे, मेडिकलमध्ये टेट्रासायक्लिनची कॅप्सूल मिळेना. मी तेव्हा नोकरीत होतो. ऑफिसात कोणी खोकलं की आजूबाजूची टेबलं रिकामी व्हायची. करोनात सगळं पुन्हा पाहिलं. पुढच्या वर्षी सुरतेला एस. आर. राव आयुक्त म्हणून आले आणि त्यांनी शहराचा कचरा असा उपसला की लोक उदाहरण द्यायला लागले.

त्याआधीचं माझ्या आजोबांकडून ऐकलेलं. उंदीर घरात मरून पडायला लागले की गाव सोडायचं, शेतात झोपड्या बांधून राहायचं. का, ते त्यांना माहीत नव्हतं. १८९६ ला मुंबईत प्लेग आला, पुढच्या वर्षी पुण्यात. सावित्रीबाई फुले त्याच साथीत रुग्णसेवा करता करता १० मार्च १८९७ ला गेल्या. पिसवा प्लेग पसरवतात हे पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत दाखवलं. उंदीर गार पडला की पिसवा त्याला सोडतात आणि नवं अंग शोधतात, माणसाचं.

स्टेथो
काका, छान लिहिलंत. एक पुरवणी. आज नाशिकमध्ये प्लेगची धास्ती घ्यायचं कारण नाही. त्या पिसवांची गोष्ट मात्र व्यवहारात अजून उपयोगी आहे. मेलेला उंदीर हाताने, शेपटीला धरून उचलू नका. आधी ब्लीचिंगचं पाणी शिंपडा, पिशवी हातमोज्यासारखी घालून उचला, उलटवून गाठ मारा. गवतातल्या उंदरांच्या अंगावरच्या सूक्ष्म कोळ्यांमुळे (माइट्समुळे) स्क्रब टायफस होतो, तो आजही आपल्याकडे दिसतो. ताप आणि अंगावर कुठेतरी काळी खपली. काखेत, जांघेत, पट्ट्याच्या जागी नीट बघावं लागतं.

अवनी२७
बाप रे, किती प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. वृत्तांत देते.

नळी त्याच दिवशी बदलली. अर्थिंगदादा, बोर्डवर टेस्टचं बटण नव्हतं, इलेक्ट्रिशियनला सांगितलंय. काल नवऱ्याने ट्रॉली काढली आणि जाळीवाल्यांनी लिहिलं तस्संच निघालं. सिंकच्या पाइपाभोवती माझी मूठ जाईल एवढं भोक, बाजूला दुपट्याच्या चिंध्या, शेंगदाण्याची टरफलं आणि माझा एक कानातला! मागच्या चुलत नणंदेच्या लग्नापासून मी तो शोधत होते. "एवढासा उंदीर" म्हणणारे गृहस्थ आता बॅटरी घेऊन घरभर फटी शोधत फिरतायत. सासूबाईंचं म्हणणं, पिंजरा लावा, पकडा आणि लांब सोडा. मला चालेल.

दोन शंका. खणातल्या लेंड्या कशा साफ करू? आणि उंदीर आत असतानाच भोक बुजवलं तर?

स्टेथो
कोरड्या झाडूने झाडायचं नाही, व्हॅक्यूमही नाही. धूळ उडते, तीच नाकात जाते. खिडकी उघडा, हातमोजे घाला, ब्लीचचं पाणी (एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी) ओतून पाच-दहा मिनिटं थांबा, मग जुन्या फडक्याने टिपून फडकं टाकून द्या. भांडी साबणाने. कुरतडलेला बटाटा "तेवढा भाग कापून" वापरू नका, उंदरामुळे अन्नातून होणाऱ्या विषबाधाही असतात.

जाळीवाला
आधी पिंजरा, मग सिमेंट. आत कोंडला तर दुसरीकडून पोखरतो.

पिंजरा खोलीच्या मधोमध ठेवतात, तिथेच चुकतं. भिंतीला लागून, त्याच्या रस्त्यावर ठेवा. नव्या वस्तूला तो काही दिवस बिचकतो, म्हणून सुरुवातीला दार बांधून ठेवा. खाणं ठेवत राहा, त्याला बिनधास्त येऊ-जाऊ द्या. मग दार सोडा. आमिष म्हणून सुका बोंबील, शाकाहारी घर असेल तर शेंगदाण्याची चिक्की किंवा भजं. एक सापडला म्हणून पिंजरा उचलू नका. मादी साधारण तीन आठवड्यांत विते, एका वेळी सहा-आठ पिल्लं, आणि ती दोन-तीन महिन्यांत पुन्हा वितात.

द्राक्षबाग
लांब म्हणजे कुठे सोडणार ताई? निफाडच्या बाजूला आणू नका हात जोडून सांगतो.

कडूकारलं
सासूबाई माहेरची भेट म्हणून पाठवतील.

तांबटआळी
रामकुंडावर सोडतात लोक, पुण्य लागतं म्हणून. ते आमच्याकडे येतात.

जाळीवाला
खरं सांगायचं तर शेजारच्या प्लॉटवर सोडला तर रात्री परत तुमच्याकडे. लांब सोडला तर दुसऱ्या कोणाच्या तरी गोदामात, किंवा अनोळखी जागेत कुत्र्या-घारीच्या तोंडी. घरच्यांचं समाधान होत असेल तर वस्तीपासून दूर माळावर सोडा, पण भोक आधीच बुजवलेलं असू द्या.

चारचाकी_नवी
सामील होतो. माझा प्रश्न गाडीचा. पार्किंगमध्ये बॉनेटखाली वायर कुरतडली, बिल भरताना डोळ्यांत पाणी. डांबरगोळ्या, तंबाखूची पानं, काय करावं?

अर्थिंग
बंद इंजिन ऊबदार असतं, म्हणून येतात. गाडी दिवसेंदिवस उभी ठेवू नका. रात्री बॉनेट थोडं उघडं ठेवतात काहीजण, कोपरा अंधारा राहत नाही म्हणून. तंबाखूने काहींना फरक पडतो, काहींना नाही. खालून बारीक जाळी बसवून मिळते, ती टिकते. विम्यात उंदराचं नुकसान धरलंय का ते पॉलिसीत वाचून घ्या.

अवनी२७
आज सकाळी एक सापडला, चिक्कीवर. सासूबाई आणि नवरा स्कूटरवरून सोडून आले. कुठे ते सांगत नाही, द्राक्षबाग दादा रागावतील. पिंजरा परत लावलाय.

डक्टमध्ये डोकावले तर आमच्या वरच्या तिन्ही मजल्यांच्या पाइपांभोवती तशीच भोकं आहेत, आणि खाली चेंबरचं झाकण फुटलेलं. रविवारी सोसायटीची मीटिंग आहे. वरचे म्हणतात, आमच्याकडे उंदीर नाहीत, आम्ही का पैसे द्यायचे?

जाळीवाला
दुसऱ्या मजल्यावाल्यांना ट्रॉली काढायला सांगा. मीटिंगच्या आधी.

जुनाजाणता
चेंबर आणि डक्ट सामाईक असतं, खर्च सोसायटीच्या फंडातून व्हायला हवा. चेअरमनना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी बोललेलं इतिवृत्तात येत नाही.

रातराणी
जाळीवाले, सहा मिलिमीटरची ती जाळी नाशकात कुठे मिळेल? आमच्या इथला हार्डवेअरवाला मच्छरजाळी दाखवतो.

जाळीवाला
रविवार कारंजा, भद्रकाली भागातल्या जुन्या हार्डवेअरच्या दुकानांत विचारा. "पाव इंची वेल्डमेश" म्हणा, फुटावर कापून देतात. ॲल्युमिनियमची दिली तर घेऊ नका, जीआयचीच. कापताना कडा हाताला लागतात, जाड हातमोजे घाला.